मुसाफिराचा खर्च कोणी केला?

(वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मुलाला किंवा मुलीला परगावी शिकायला पाठविण्याचा विषय निघाला की आपल्या घरांतून पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. गुण चांगले असतात, प्रवेशाचे पत्रही आलेले असते. पण जायचे कसे, उतरायचे कोठे, दोन वेळच्या जेवणाचे काय, येथे गाडी अडते. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणूनच आज मी तुम्हांला अशा एका माणसाची हकिकत सांगणार आहे की ज्याने जवळजवळ एकोणतीस वर्षे प्रवास केला आणि त्यातील बराच काळ स्वतःच्या खिशातून फारच थोडे खर्च केले. त्याचे नाव इब्न बतूता.

मोरोक्कोतील तांजिअर या गावातून १३२५ सालच्या जून महिन्यात तो हजला म्हणून एकटाच निघाला. वय एकवीस वर्षांचे. काझींच्या घराण्यातला, फिकह शिकलेला. परंतु कोणी बडा श्रीमंत नव्हे. ट्युनिसमध्ये पोचला तेव्हा बरोबरच्या लोकांना घ्यायला त्यांचे ओळखीचे आले, सलाम-दुवा झाली. याला विचारणारे कोणीच नव्हते. तेव्हा त्याला रडू आवरेना, हे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे. तेथून हजयात्रेकरूंचा काफिला निघाला त्यात मात्र त्याला काझी नेमण्यात आले. विद्यार्थी मित्रांनो, हे ध्यानात घ्या. त्याच्या गाठोड्यात काय होते ते आपल्याला ठाऊक नाही, पण त्याच्याजवळ जी विद्या होती ती दर मुक्कामी चालत होती. पुढे दिल्लीत आणि मालदीव बेटांवरही तो काझीच झाला.

पण केवळ विद्येने पोट भरत नाही. आता दमास्कसचे पाहा. १३२६ साली तो तेथे पोचला आणि आजारी पडला. नूरुद्दीन सखावी नावाच्या एका मालिकी अध्यापकाने त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. हजचा काफिला निघायची वेळ आली तेव्हा याच्याजवळचे पैसे संपलेले. त्या अध्यापकानेच उंट ठरवून दिले, शिधा बांधून दिला आणि वर हातखर्चालाही पैसे दिले. याच शहरात त्याने हदीसच्या इजाजती मिळविल्या आणि त्या देणाऱ्यांत झैनब बिन्त अहमद व आयशा बिन्त मुहंमद या दोन विदुषी होत्या असे तो सांगतो. ज्या पालकांना मुलींच्या शिक्षणाबद्दल अजून शंका आहे त्यांच्यासाठी हे मी मुद्दाम सांगतो.

दमास्कसमधील वक्फांची यादी वाचताना मन थक्क होते. कैद्यांना सोडविण्यासाठी वक्फ, गरीब मुलींच्या लग्नासाठी वक्फ, रस्त्यांच्या दुरुस्तीसाठी वक्फ. आणि मुसाफिरांसाठी वेगळा वक्फ, ज्यातून त्यांना अन्न, वस्त्र आणि घरी परत जाण्याचा खर्च मिळे! एके दिवशी एका लहान गुलाम मुलाच्या हातून चिनी मातीची थाळी पडून फुटली. लोक जमले. कोणीतरी त्याला सांगितले की तुकडे गोळा कर आणि भांड्यांच्या वक्फाच्या कारभाऱ्याकडे ने. तेथे तुकडे दाखविताच तशीच नवी थाळी घेण्यापुरते पैसे मिळाले. धन्याच्या मारापासून मूल वाचावे एवढ्यासाठी कोणीतरी पूर्वी आपली मिळकत बांधून ठेवली होती.

कैरोच्या खानकाहींतील फकिरांना दरमहा वीस ते तीस दिरहम मिळत, म्हणजे दिवसाला फार तर एक दिरहम. शिवाय उन्हाळ्याचे व हिवाळ्याचे कपडे, धुण्याचा साबण, हमामचे पैसे आणि दिव्याचे तेल. काटकसरीने राहायचे तर माणसाला नेमके काय लागते याचा असा चोख हिशेब क्वचितच वाचायला मिळतो.

आता कोणी म्हणेल की हे बादशहा आणि अमीर-उमरावांचे काम. तसे नाही. आजच्या तुर्कस्तानातील अंतालिया गावी जुनेपाने कपडे घातलेला एक माणूस जेवणाचे आमंत्रण द्यायला आला. इब्न बतूताला वाटले, हा बिचारा आपल्याला काय जेवू घालणार! त्यावर दुभाषा हसला. तो माणूस होता चांभार, पण सुमारे दोनशे कारागिरांचा प्रमुख. या मंडळींना अखी म्हणत. दिवसभर आपापला धंदा करायचा, असरनंतर कमाई आणून एकत्र करायची, त्यातून फळे व जेवणखाण आणायचे. मुसाफिर आला तर त्याला जेवू घालायचे. न आला तर आपणच मिळून जेवायचे. देनिझली गावात तर दोन टोळ्यांनी याच्या घोड्याचा लगाम धरला आणि सुरे उपसले. हा घाबरला, लुटारू समजला. भांडण होते ते पाहुणा कोणी न्यायचा याचे! शेवटी चिठ्ठ्या टाकून निकाल लागला.

आपल्या भागाशीही त्याचा संबंध आलेला आहे. तो दौलताबादला आला, नंदुरबारला आला आणि तेथील मराठ्यांच्या कारागिरीची त्याने तारीफ केली. गोव्यापासून दक्षिणेकडे कोल्लमपर्यंतच्या वाटेवर अर्ध्या अर्ध्या मैलावर लाकडी निवारा, बसायला ओटे, जवळ विहीर आणि पाणी द्यायला माणूस. मुसलमानाला भांडे हातात न देता ओंजळीत पाणी ओतत, हेही त्याने लिहिले आहे. पण तहानलेला कोणी परत जात नसे.

याउलट त्याचे श्रीमंतीचे दिवस पाहा. दिल्लीत मुहंमद तुघलकाने त्याला सालिना बारा हजार दीनारांवर काझी नेमले आणि या गृहस्थाने पंचावन्न हजारांचे कर्ज करून ठेवले. माझ्या मते त्याच्या वृत्तांतातील हा भाग सर्वांत कमी वाचनीय आहे. देणेकरी, अर्ज आणि दरबार यांतच पाने जातात. पुढे कालिकतला जहाज बुडाले आणि हातात दहा दीनार व निजायची सतरंजी उरली, तेव्हा तो पुन्हा मुसाफिर झाला. त्याच्या काही हकिकतींवर अभ्यासक शंका घेतात, हे खरे आहे. तरी होनावरला मुलांच्या तेवीस आणि मुलींच्या तेरा शाळा पाहिल्याचे तो लिहितो, आणि असे दुसरीकडे कोठे पाहिले नाही असेही म्हणतो.

तेव्हा त्याचा प्रवास स्वस्त झाला तो केवळ त्याच्या काटकसरीमुळे नव्हे. त्याच्या आधी कोणीतरी पैसे भरून ठेवले होते. आज जग बदलले आहे. व्हिसा मागायला जा, बहुतेक ठिकाणी आधी बँकेतली शिल्लक दाखवा म्हणतात. ते आपल्या हाती नाही. पण आपल्या मुलांची अडचण व्हिसाच्या फार अलीकडची आहे. प्रवेश परीक्षेला किंवा मुलाखतीला मुंबई-पुण्याला जायचे तर दोन रात्री काढायच्या कोठे, एवढ्यावरून परीक्षा चुकते.

म्हणून माझी सूचना अगदी छोटी आहे. आपल्यापैकी अनेकांचे भाऊ, बहिणी, चाचा, मामू शहरांत राहतात. एक चटई पसरण्याइतकी जागा आणि दोन वेळचे साधे जेवण ज्या घरी मिळू शकेल, त्या घराचे नाव व पत्ता संस्थेच्या कार्यालयात एका वहीत लिहून ठेवू या. कोणत्या महिन्यात सोय आहे, किती जणांची आहे आणि मुलगी व तिची आई उतरू शकतील की नाही, एवढे पुढे लिहावे. वही आजच बाहेरच्या टेबलावर ठेवलेली आहे.