जुनं गाणं कोण सांभाळतं?



म्हैसूर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो दसरा, हजारो दिव्यांनी उजळलेला राजवाडा आणि त्याच्यासमोर रंगलेली मैफल. आज मी तुम्हाला तिथून थोडं दूर, कुवेंपुनगरात नेणार आहे. तिथे गानभारती नावाची संस्था आहे. तिच्या वास्तूचं नाव वीणे शेषण्णा भवन. शेषण्णा म्हणजे म्हैसूर दरबाराचे थोर वीणावादक, 1852 ते 1926 हा त्यांचा काळ. ज्या कलावंताला राजानं पोसलं, त्याचं नाव आज रसिकांच्या संस्थेच्या दारावर आहे. इथे मैफली होतात आणि शिकवणंही चालतं. माझा आजचा विषय या दोन गोष्टींच्या जोडीचा आहे.

जुनं संगीत टिकतं म्हणजे नेमकं काय टिकतं? वीणेचंच उदाहरण घ्या. सरस्वती वीणेला 24 पडदे आणि 7 तारा असतात. चार वाजवायच्या, तीन तालासाठी. वाद्य तंजावरात तेच आणि म्हैसुरातही तेच. पण तंजावरच्या हातात तार ओढून गळ्यासारखा स्वर काढण्यावर भर, तर म्हैसूरच्या हातात स्वच्छ, हलका आघात. हा फरक स्वरलिपीत उतरत नाही. तो शेषण्णांकडून व्यंकटगिरियप्पांकडे गेला, त्यांच्याकडून दोरेस्वामी अय्यंगारांकडे. प्रत्येक वेळी समोर बसून, चूक झाली की पुन्हा वाजवून.

मग ग्रंथ कशासाठी? ग्रंथांचं मोल मी कमी करत नाही. आपल्या मराठी मुलखाला तर या बाबतीत अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवानं तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. पुढे पंधराव्या शतकात विजयनगरात कल्लिनाथानं त्यावर टीका लिहिली. उत्तरेचे आणि दक्षिणेचे, दोन्हीकडचे पंडित या ग्रंथाला मान देतात. पण त्यातला एखादा राग शार्ङ्गदेवाच्या कानी जसा पडत होता, तसा आज कुणी गाऊन दाखवू शकेल? नाही. रागाचं नाव उरलं, लक्षणं उरली, पण तो आवाज विरून गेला.

युरोपात हेच घडलं. ल्यूट, व्हायोल, रेकॉर्डर ही वाद्यं मागे पडली आणि ती वाजवणाऱ्यांची साखळी तुटली. इंग्लंडमध्ये आर्नल्ड डॉल्मेच या गृहस्थांनी जुनी वाद्यं तपासून तशी नवी घडवली, जुने ग्रंथ वाचले आणि 1925 मध्ये हॅसलमिअर गावात जुन्या संगीताचा उत्सव सुरू केला. आज जगभर अशा संगीताच्या हौशी संस्था आहेत, आणि त्यांचं काम मोठं आहे. पण त्यांना बऱ्याच गोष्टी अंदाजानं ठरवाव्या लागतात, कारण विचारायला गुरूच उरला नाही. आपल्याकडे अजून विचारायला माणसं आहेत. ही आपली श्रीमंती आहे, पण ती मुदतीची आहे.

ही मुदत ओळखणारी माणसं आपल्याकडे फार पूर्वी झाली. 1874 साली पुण्यात गायन समाज स्थापन झाला. त्या काळी चांगलं गाणं ऐकायचं तर दरबारात किंवा कोठीवर, आणि पांढरपेशा घरातल्या मुलानं गाणं शिकणं म्हणजे वाया जाणं! अशा वेळी समाजानं मैफली भरवल्या आणि शिकवण्याचीही सोय केली. 1883 मध्ये मद्रासलाही त्याची शाखा निघाली. पुढे 5 मे 1901 रोजी विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेही राजाश्रयावर न विसंबता, लोकांच्या मदतीवर.

या सगळ्यांना एक गोष्ट कळली होती. नुसती मैफल ठेवली तर ऐकणारे म्हातारे होत जातात. नुसता वर्ग काढला तर मुलं परीक्षा देतात आणि पेटी कपाटावर जाते. दोन्ही एका छताखाली आले की शिकणारं मूल तयार कलावंताला ऐकतं, आणि पुढच्या रांगेतले आजोबा मांडीवर ताल धरतात ते पाहून न सांगता ताल शिकतं.

म्हैसुरात मी एका छोट्या वीणावादनाला गेलो होतो. मोजून बावीस माणसं. मनात आलं, अरेरे, एवढेच? कार्यक्रम संपल्यावर दहा-बारा वर्षांची एक मुलगी वादकाजवळ गेली आणि तिनं एक जागा पुन्हा वाजवून मागितली. त्यांनी ती तीनदा वाजवली. तिसऱ्या वेळी तिची बोटं फ्रॉकवर हलत होती. तेव्हा मला माझ्या मोजण्याची लाज वाटली.

म्हणून तुम्ही बेळगावात असा, इंदुरात, हैदराबादेत की इथे म्हैसुरात, एवढं करून पाहा. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी सतरंजी अंथरा. आपल्या भागात ओवी, जुनं कीर्तन, नाट्यपद, बीन, सुंद्री, जे काही जाणणारं माणूस असेल, त्याला बोलवा. मानधन द्या, ‘प्रेमापोटी या’ म्हणू नका. ध्वनिमुद्रण जरूर करा. मात्र त्या खोलीत किमान दोन मुलं समोर बसलेली असू द्या. मुद्रण ऐकता येतं, पण त्याला ‘ही जागा पुन्हा सांगा’ म्हणता येत नाही.

राजे होते तेव्हा ते सांभाळत होते. आता ती बावीस माणसं सांभाळतात. तेविसाव्या जागेवर तुम्ही बसा, आणि येताना एका मुलाला सोबत आणा.