टाकाऊ कॅमेऱ्याची टंचाई



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपणांपैकी काहीजण हसले असतील. जी वस्तू एकदा वापरून टाकून देण्यासाठीच केलेली, तिची टंचाई कसली? आणि ज्याच्या त्याच्या खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा असताना ती हवी तरी कोणाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु त्यांची उत्तरे शोधताना आपण उद्योगधंद्याच्या एका मोठ्या नियमापाशी येऊन पोचतो, म्हणूनच हा लहानसा विषय मी निवडला.

प्रथम ही वस्तू कोणती ते पाहू. कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन याने १८८८ साली पहिला कोडॅक कॅमेरा विकायला काढला, तो शंभर छायाचित्रांची फिल्म आत भरूनच. किंमत पंचवीस डॉलर. शंभर चित्रे काढून झाली की गिऱ्हाइकाने अख्खा कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा. दहा डॉलर घेऊन कारखाना चित्रे काढून देई आणि नवी फिल्म भरून कॅमेरा परत करी. गिऱ्हाइकाने फक्त कळ दाबायची.

हीच कल्पना जवळजवळ शंभर वर्षांनी, १९८६ साली, जपानच्या फूजी कंपनीने स्वस्त रूपात आणली. आपणांपैकी ज्यांनी तो कॅमेरा हाताळला असेल त्यांना त्याचे रूप आठवेल: पुठ्ठ्याचे वेष्टन, आत प्लास्टिकची पेटी, प्लास्टिकचेच भिंग आणि सत्तावीस चित्रांची फिल्म. भिंग पुढेमागे करण्याची सोय नाही, प्रकाश कमीजास्त करण्याची सोय नाही. साधारण तीन फुटांच्या पलीकडचे सारे बरे दिसते, एवढाच त्याचा करार. पण या साधेपणात मोठी अक्कल आहे. कारखान्यातच सगळी फिल्म डबीतून बाहेर ओढून गुंडाळून ठेवतात, आणि प्रत्येक चित्रानंतर आपण दातेरी चाक फिरवले की तेवढी फिल्म पुन्हा डबीत जाते. त्यामुळे मध्येच पेटी फुटली तरी काढलेली चित्रे सुरक्षित राहतात. भिंगाचा दोष झाकण्यासाठी फिल्मची बैठकही किंचित वक्र केलेली असते.

जपानी व्यापारात या वस्तूला कॅमेरा म्हणत नाहीत, 'भिंग बसवलेली फिल्म' म्हणतात. हे नाव ध्यानात ठेवा, कारण टंचाईचे सारे कोडे त्यातच आहे.

१९९७ च्या सुमारास एकट्या जपानात हा माल वर्षाला आठ कोटींहून अधिक नगांनी खपत होता. जगातील फिल्मची मागणी २००० साली शिखराला पोचली आणि मग डोंगरावरून दगड सुटावा तशी खाली आली. पुढच्या दहा वर्षांत ती एक दशांशाहूनही कमी राहिली. ज्या कोडॅकच्या प्रयोगशाळेत १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा तयार झाला, त्याच कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. कारखाने बंद झाले, यंत्रे मोडीत गेली, कसबी कामगार घरी बसले.

आणि आता गंमत पाहा. जी मुले डिजिटल युगातच जन्मली, तीच आज फिल्म मागत आहेत. लग्नसमारंभात मेजामेजावर असे कॅमेरे ठेवले जातात. आपली पिढी म्हणेल, ही नुसती हौस आहे. असेलही. पण तिच्यामागे एक भावना आहे. फोनमध्ये हजारो चित्रे साठतात आणि त्यांतील बहुतेक पुन्हा कोणी पाहत नाही. इथे सत्तावीसच आहेत, म्हणून कळ दाबण्यापूर्वी माणूस क्षणभर थांबतो. काय उमटले ते रोल धुवून येईपर्यंत कळत नाही, म्हणून वाट पाहावी लागते. थांबणे आणि वाट पाहणे या दोन गोष्टी ज्यांना कधी मिळाल्या नाहीत, त्यांना त्यांची किंमत वाटावी यात नवल नाही.

मागणी आली, मग माल का येत नाही? प्लास्टिकची पेटी करणे अवघड नाही. ती तर पुनःपुन्हा वापरताही येते. वापरलेल्या पेट्या गोळा करून त्यांत नवी फिल्म भरणाऱ्या एका अमेरिकन कंपनीवर फूजीने फिर्याद केली होती. अमेरिकेत विकल्या गेलेल्या पेटीची अशी दुरुस्ती कायदेशीर आहे, असा निर्णय तेथील अपील न्यायालयाने २००१ साली दिला. तेव्हा करवंटी हवी तितकी मिळेल, अडते आहे ते आतल्या खोबऱ्यापाशी.

रंगीत फिल्म ही फार अवघड वस्तू आहे. मीटरभराहून रुंद अशा पारदर्शक पट्ट्यावर चांदीच्या क्षारांचे आणि जिलेटिनचे डझनाहून अधिक थर चढवावे लागतात, आणि त्या साऱ्या थरांची जाडी मिळून आपल्या केसाइतकीही भरत नाही. हे सारे काळोखात चालते. असे यंत्र आठवड्यातून एकदा थोडेसे चालवून परवडत नाही, आणि नवे उभारायला कोणी सहजासहजी पैसा घालत नाही. २०२२ साली कोडॅकने सांगितले की दुकानांत फिल्म टिकत नाही, आणि रॉचेस्टरच्या कारखान्यासाठी शेकडो नवी माणसे घेतली. पण माणूस कामावर घेतला म्हणजे कसब कामावर येत नाही, ते शिकवावे लागते. शिकवणारे निवृत्त झालेले असतात.

पोलरॉईडचे उदाहरण बोलके आहे. झटपट चित्र देणारी ती फिल्म २००८ साली कंपनीने बंद केली. हॉलंडमधील एन्शेडे येथील शेवटच्या कारखान्याची यंत्रे काही जिद्दी माणसांनी वाचवली. यंत्रे होती, जागा होती, जुने कामगारही होते. पण लागणारी रसायने आता कोणी करीत नव्हते. शेवटी कृती नव्याने शोधावी लागली. २०१० साली त्यांची फिल्म बाजारात आली खरी, पण पूर्वीचा दर्जा यायला पुढे अनेक वर्षे गेली.

याच्या उलट फूजीचे. त्यांनी १९९८ साली काढलेल्या इन्स्टॅक्स या झटपट कॅमेऱ्याचा खप काही वर्षांतच पार कोसळला होता. त्यांनी तो धंदा लहान केला, पण मोडला नाही. पुढे मागणी परतली आणि २०१८-१९ या वर्षात सुमारे एक कोटी इन्स्टॅक्स कॅमेरे खपले.

आपल्याकडेही उटकमंडला सरकारने १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापली. तिची 'इंदू' फिल्म कित्येक स्टुडिओंतून वापरली जाई. ती कंपनी १९९६ साली आजारी ठरली आणि पुढे बंद झाली. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणला, तेव्हा कच्ची फिल्मही बाहेरूनच मागवावी लागे. आज शंभराहून अधिक वर्षांनी कुणा तरुणाला रंगीत रोल हवा असेल तर त्याला पुन्हा परदेशी मालाचीच वाट पाहावी लागते.

कोणी विचारील, टाकाऊ प्लास्टिकसाठी एवढा शोक कशाला? शोक प्लास्टिकचा नाहीच. पेटी परत घेऊन पुन्हा वापरावी, हेच इष्ट. माझे म्हणणे एवढेच की मागणी एका रात्रीत परतते, करण्याची शक्ती परतत नाही. मागणी ही मनाची गोष्ट आहे. शक्ती मात्र माणसे, यंत्रे, रसायने आणि रोजचा सराव यांतून हळूहळू साठते. ज्याला आपण स्वस्त म्हणतो त्याच्या पाठीमागे ही साठवण उभी असते, म्हणूनच ते स्वस्त असते.

आपल्या घरांतील जुन्या बायका रात्री चुलीतला विस्तव विझवत नसत. राखेखाली झाकून ठेवीत आणि सकाळी फुंकर घालून पेटवीत. बाजार उतरलेल्या धंद्याचेही तसेच करावे. तो मोठा ठेवता येणार नाही, नफ्यातही ठेवता येईलच असे नाही. पण निदान एक यंत्र, चार जाणते हात आणि त्यांच्याजवळ शिकणारे दोन तरुण एवढे तरी राखेखाली जपावे. आपल्या गावात आज जो कोणता कसबाचा धंदा मंदावला असेल, त्याच्याकडे या दृष्टीने एकदा पाहावे, एवढीच माझी विनंती.