ईश्वर नाही, तरी सारे क्षम्य नाही
(अस्तित्ववाद आणि कर्मसिद्धांत या विषयावरील व्याख्यान)



दुसऱ्या महायुद्धाच्या संहारानंतर युरोपात अस्तित्ववाद नावाचा विचार प्रबळ झाला. फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ पॉल सार्त्र यांनी १९४५ मध्ये पॅरिस येथील व्याख्यानात त्याचे सार मांडले. कागद कापण्याची सुरी घडण्यापूर्वी तिचे प्रयोजन कारागिराच्या मनात ठरलेले असते. मनुष्याला मात्र कोणी कर्ता नाही. तो आधी अस्तित्वात येतो आणि मग आपल्या निवडींनी स्वतःला घडवितो. कोणतेही मूल्य त्याच्यासाठी आधीच ठरलेले नाही. म्हणून हे स्वातंत्र्य सार्त्र यांना शिक्षेसारखे भासले.

१९४८ मध्ये रोमच्या चर्चने त्यांचे समग्र लेखन निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत घातले. ईश्वर वजा केल्यास सदाचाराचा आधारच नष्ट होतो, असा ख्रिस्ती टीकाकारांचा आक्षेप होता. वास्तविक या वादातील दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती : मूल्यांना आधार असेल तर तो ईश्वराचाच.

जैन दर्शनाने हे गृहीत कधीच मानले नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षांच्या काळात, नवव्या शतकात, आचार्य जिनसेनांनी 'आदिपुराणा'त जगत्कर्त्याच्या कल्पनेचे सविस्तर खंडन केले. तथापि त्यांच्या परंपरेत आचारधर्म शिथिल झाला नाही. येथे मूल्यांचा आधार आत्म्याच्या स्वभावात आहे. ज्ञान, दर्शन, सुख आणि वीर्य हे त्याचे गुण. मनुष्याने आयुष्यात केलेल्या निवडी हे त्याचे पर्याय. एकाच ताग्यातून सदरा निघेल वा पिशवी. परंतु शिंपी सुताचा पोत निर्माण करीत नाही. सार्त्र यांनी शिवण पाहिली, पोत पाहिला नाही.

स्वातंत्र्याच्या प्रश्नावर 'उपासकदशांग' सूत्रातील सद्दालपुत्र कुंभाराची कथा मननीय आहे. तो गोशालकाच्या नियतिवादाचा अनुयायी होता. भगवान महावीरांनी त्यास विचारले, कोणी तुझी मडकी फोडली तर तू काय करशील? त्याला शासन करीन, असे तो म्हणाला. सारे नियतीनेच घडत असेल, तर मडकी फोडणाऱ्याचा दोष कोणता? या प्रश्नाने त्याचे डोळे उघडले. परिस्थितीकडे बोट दाखवून सुटू पाहणारा स्वतःला फसवितो, असे सार्त्रही म्हणतात. येथपर्यंत दोघांची वाट एकच आहे. पुढे जैन विचार सांगतो की पूर्वकर्माचे ओझे खरे आहे, पण पुरुषार्थाने संवर आणि निर्जरा साधता येते.

आता दुःख आणि दुष्टता. आल्बेर काम्यू यांच्या १९४७ मधील 'प्लेग' कादंबरीतील डॉक्टर, निष्पाप बालके जेथे तळमळतात त्या सृष्टीवर प्रेम करण्यास नकार देतो. दयाळू निर्मात्यावर हा आरोप बिनतोड आहे. जेथे निर्माताच मानलेला नाही, तेथे शोध कषायांकडे वळतो : क्रोध, मान, माया, लोभ.

यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. अंबरनाथ-उल्हासनगरातून वाहणारी वालधुनी पाहावी. २०१४ मध्ये तिच्या पात्रात रसायन ओतले गेले आणि वायुबाधेने उल्हासनगरातील अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. हे ना दैवाने केले, ना ईश्वराने. विल्हेवाटीचा खर्च वाचविण्याचा लोभ त्यामागे होता. श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आणि जलाशय-शोषण यांची गणना आहे. कापड रंगविणाऱ्याने, विकणाऱ्याने आणि स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्यानेही हा विचार केला पाहिजे.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. दुःख हे कर्मफल असेल, तर पीडिताचे दुःख त्याचेच म्हणून सोडून द्यावे काय? १९४७ नंतर घरदार गमावून कल्याण कॅम्पात आलेल्या सिंधी निर्वासितांना, किंवा २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास नदीने वेढलेल्या बदलापूरकरांना, 'तुमचे कर्म' असे म्हणणे हा सिद्धांताचा विपर्यास होय. अनुकंपा हे सम्यक्त्वाचे लक्षण आहे. परक्याच्या कर्माचा हिशेब छद्मस्थाला दिसत नाही. मदतीचा हात आखडला, तर बंध मात्र स्वतःला पडतो.

कर्मसिद्धांत हा स्वतःची वही तपासण्यासाठी आहे, शेजाऱ्याची नव्हे. सार्त्र यांच्या मनुष्याला स्वातंत्र्य लाभले, पण सोबती नाही. जैन दर्शनात प्रत्येक जीव दुसऱ्या जीवाच्या उपकाराने जगतो. म्हणून त्याचे स्वातंत्र्य एकाकी होत नाही आणि जबाबदारी चुकत नाही.

जय जिनेंद्र.