टर्बोचा दाब आणि इंजिनाचा ब्लॉक



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला कामगार चळवळीवर बोलण्यासाठी बोलावले होते. विषय मीच बदलून घेतला, त्याचे कारण आधी सांगतो. गेल्या दिवाळीनंतर आमच्या एका सभासदाचा मुलगा युनियनच्या कचेरीत आला. त्याने जुनी टर्बोची मोटार घेतली होती आणि कोणा संगणकवाल्याकडून तिचा बूस्ट वाढवून घेतला होता. दोन महिन्यांत इंजिन बसले. मला म्हणाला, "काका, कंपनीने माल खराब दिला. तुम्ही नोटीस काढा." नोटीस काढणे हा माझा धंदाच आहे! पण मी त्याला म्हटले, "आधी इंजिन खोल, मग आपण आरोपी ठरवू."

टर्बो म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. इंजिनातून धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक चक्र फिरते. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला आणखी एक चक्र असते, ते बाहेरची हवा इंजिनात कोंबते. बूस्ट १ बार म्हटले की वातावरणाचा दाब असतो तेवढाच आणखी वर चढवला. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून आतला भडका मोठा. समजा सिलिंडरचा व्यास ८६ मिलिमीटर आहे आणि भडक्याच्या क्षणी दर चौरस सेंटिमीटरवर १०० किलोचा दाब आहे. पिस्टनच्या डोक्यावर साडेपाच टनांहून अधिक भार येतो, आणि तो मिनिटाला काही हजार वेळा. तोच दाब हेडला वर उचलू पाहतो, सिलिंडरच्या भिंतींना बाहेर रेटतो. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका असतो, म्हणून पिस्टन भिंतीला आडवा रेटा देतो तो वेगळाच.

आता ही भिंत कशाला धरून उभी असते? पुष्कळशा ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये सिलिंडर वरच्या बाजूला मोकळे असतात, चहूकडे पाण्याची खंदकासारखी पोकळी. याला ओपन डेक म्हणतात. असा ब्लॉक पोलादी डायमध्ये भराभर ओतता येतो, कारण पोकळी करणारा डायचा भाग वरून सरळ ओढून काढता येतो. वरचा भाग झाकायचा, म्हणजे क्लोज्ड डेक करायचा, तर आत वाळूचा कोअर बसवावा लागतो, मागाहून ती वाळू झाडून काढावी लागते. वेळ लागतो, माणसे लागतात. मोकळा सिलिंडर कंपनीने ठरवलेल्या दाबाला पुरतो. दाब फार वाढवला की त्याचा माथा डोलू लागतो. मग गॅस्केट जाते, रिंगांची पकड सुटते, आणि शेवटी भिंत तडकते.

यावर उपाय आहेत. होंडाच्या बी मालिकेची ओपन डेक इंजिने टर्बो लावून पळवणाऱ्या मंडळींनी ते सगळे करून पाहिले आहेत. सर्वांत स्वस्त म्हणजे ब्लॉक गार्ड, म्हणजे खंदकाच्या तोंडात ठोकून बसवायची धातूची चौकट. माझे त्याविषयी फारसे चांगले मत नाही. जिथे उष्णता सर्वांत जास्त तिथेच ती पाण्याची वाट अडवते, आणि घट्ट ठोकली तर बोअरचा गोलावाच बिघडतो. दुसरा उपाय, खंदकाचा खालचा भाग सिमेंटसारख्या मसाल्याने भरून टाकणे. पाव मैलाच्या शर्यतीला तो चालतो. बाजाररहाटीला जाणाऱ्या गाडीला नव्हे. खरा उपाय स्लीव्हचा. जुने लायनर बोअर करून काढायचे आणि डक्टाइल बिडाचे जाड स्लीव्ह बसवायचे. त्यांच्या वरच्या कडा रुंद असतात. त्या एकमेकींना आणि ब्लॉकच्या भिंतीला भिडल्या की ओपन डेकचा क्लोज्ड डेक होतो. नंतर होनिंग करताना हेडच्या जागी जाड पाटा बोल्टांनी आवळून घ्यावा लागतो, कारण हेड आवळल्यावर बोअरचा आकार किंचित बदलतो. एवढे करून भागत नाही. भिंत बळकट झाली की भार हेडच्या बोल्टांवर जातो. तेही बदलले की क्रँकशाफ्टच्या बेअरिंग-कॅपवर.

जाड बिडाचा ब्लॉक किती सोसतो, याचे माझे आवडते उदाहरण बी. एम. डब्ल्यू.चे आहे. त्या वेळी फॉर्म्युला वनमध्ये टर्बोच्या इंजिनाला दीड लिटरची मर्यादा होती. पॉल रोशे या इंजिनियरने त्यासाठी नवा ब्लॉक ओतवला नाही. १९६२ पासून साध्या मोटारींत जाणारा चार सिलिंडरचा बिडाचा ब्लॉक घेतला, आणि त्यातही लाखभर किलोमीटर धावलेले जुने ब्लॉक निवडले. १९८३ साली नेल्सन पिके त्याच इंजिनावर जगज्जेता झाला. १९८६ मध्ये पात्रता फेरीसाठी बूस्ट ५ बारच्या वर नेत, आणि ताकद तेराशे अश्वशक्तीच्या आसपास असावी असा अंदाज करतात. अंदाज म्हणतो, कारण मोजणारे यंत्रच तिथवर पोचत नव्हते.

जुने ब्लॉक का? इथे मला माझी फौंड्री आठवते. ओतलेल्या बिडाचा पातळ भाग आधी थिजतो, जाड भाग मागाहून आकसतो आणि पातळ भागाला ओढून धरतो. ही ओढाताण थंड धातूतही कोंडून राहते. वर्षानुवर्षे तापून-निवून ती थोडी सैल पडते. भट्टीत साडेपाचशे अंशांच्या आसपास तापवून हळूहळू निववले तर हेच काम काही तासांत होते. ब्लॉक नुसता उन्हापावसात टाकून तो पोलाद होतो असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

मी विशीत ज्या फौंड्रीत होतो, तिचे नाव घेत नाही. तिथे माल घाईचा झाला की साचे लालसर असतानाच फोडायला लावत, आणि भट्टीची पाळी गाळत. मशीनवर चढल्यावर माल वाकडा व्हायचा, काही नग तडकायचे. त्या नगांचे पैसे कापले जायचे आमच्या मोल्डरांच्या पगारातून. वाळू ओली होती, असा ठपका ठेवीत. आमच्या वस्तादांना ठाऊक होते की दोष वाळूचा नाही. पण सांगायचे कसे? मी नगरवाचनालयातून ओतकामाचे एक इंग्रजी पुस्तक आणले, शब्दकोश घेऊन सहा महिने रात्री वाचले, आणि साचा थंड होण्याच्या वेळेचे पान घेऊन मॅनेजरपुढे उभा राहिलो. कपात थांबली. मला मात्र तीन महिन्यांनी घरी बसवले. तिथून मी युनियनमध्ये आलो.

म्हणून त्या मुलाचे इंजिन मी स्वतः उभा राहून खोलवले. ओतकामात खोट दिसली असती तर नोटीस खरोखरच काढली असती. पण तडकलेल्या जागी धातू सलग, दाणा बारीक, कुठे हवेचे छिद्र नाही. दुसऱ्या सिलिंडरचा माथा मात्र डोलून डोलून घासला होता. मी म्हटले, "ज्यांनी ओतला त्यांनी तो चोख ओतला आहे. हा दाब त्यांना कोणी सांगितला नव्हता." पोरगा बराच वेळ गप्प बसला. मग त्याने स्लीव्हचा खर्च विचारला; तो ऐकून ब्लॉक माझ्याकडेच ठेवून गेला.

तो अजून आमच्या कचेरीत दाराजवळ आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर यावे. दुसऱ्या सिलिंडरच्या कडेवरून नख फिरवा, भेग लागते.