पेंढ्याचे मोल आणि वाहतुकीचे गणित

शेतातील काडीकचऱ्यापासून इंधन निर्माण करण्याची कल्पना आता प्रत्यक्षात उतरली आहे. हरियाणात पानिपत येथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनविणारा इंडियन ऑइलचा प्रकल्प १० ऑगस्ट २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला सुमारे २ लाख टन पेंढा आणि त्यातून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची योजना. परंतु अशा प्रकल्पांची खरी कसोटी लागते ती शिवारात.

पंजाब-हरियाणात भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांत जेमतेम तीन आठवडे मिळतात. कंबाइन यंत्राने कापणी झाली की पेंढा शेतभर विखुरतो. बासमती वगळता इतर भाताच्या पेंढ्यात सिलिका अधिक असल्याने तो तेथे वैरण म्हणूनही फारसा चालत नाही. पेरणी लांबली तर गव्हाचा उतारा घटतो. म्हणून शेतकरी काडी ओढतो. धुराचे दुष्परिणाम तो जाणतो, पण त्याच्यापाशी वेळ नसतो.

आता गणित पाहावे. २ लाख टन पेंढा वर्षभर वापरायचा तर दिवसाला सुमारे ५५० टन लागतो. मात्र २५ दिवसांत उचलायचा तर दिवसाला ८ हजार टन! ट्रकमागे १० टन धरले तरी रोज ८०० खेपा. शिवाय सुटा पेंढा वजनाला हलका आणि आकाराला अवाढव्य. निम्मे वजन होण्यापूर्वीच ट्रक भरून जातो.

महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना बगॅससाठी ही यातायात करावी लागत नाही. ते उसाबरोबरच कारखान्यात येते आणि तेथेच वाफ व वीज देते. पाचट मात्र फडात उरते आणि पुष्कळदा पेटविले जाते. दोन्ही एकाच उसाची. फरक केवळ गोळा करण्याच्या खर्चाचा.

म्हणूनच आखणी शेतापासून व्हावयास हवी. बेलरने जागीच गठ्ठे बांधावेत, गावांच्या समूहासाठी जवळच साठवण केंद्र असावे, गठ्ठे कोरडे राहावेत आणि आगीच्या भीतीने गंज्यांमध्ये अंतर राखावे. माल दूर न्यायचा तर केंद्रावरच दाबून पेलेट करणे परवडते. कारखाना मोठा केला की पेंढा दूरवरून आणावा लागतो आणि बचत डिझेलमध्ये जाते. तेव्हा त्याचा आकारही परिसर पाहूनच ठरवावा.

बेलर कोणत्या तारखेला बांधावर येणार, हे शेतकऱ्याला कापणीपूर्वी कळावे आणि ती तारीख पाळली जावी. तो विश्वास बसला, तरच हातातील काडी खाली ठेवली जाईल.