धामणगावची पेठ कोणी वसविली?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या मेळाव्यांत एक वाक्य मोठ्या अभिमानाने उच्चारले जाते. ते म्हणजे, "धामणगावची पेठ आपल्या लोकांनी वसविली." इतर ज्ञातींच्या मेळाव्यांतही हेच वाक्य म्हटले जाते. सगळेच जर वसविणारे, तर गाव नेमके वसले कसे, याचा शांतपणे विचार व्हावा, म्हणून हा विषय मी आज निवडला आहे.

प्रारंभ नावापासून करू. वऱ्हाडात धामणगावे अनेक आहेत. धामणगाव गढी आहे, दारव्ह्याकडील धामणगाव देव आहे, बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढे आहे. आपल्या गावाला मात्र ओळख दिली ती आगगाडीने. शेजारच्या चांदूरचीही तीच कथा. चांदूर बाजार निराळे, चांदूर रेल्वे निराळे. जुना धामणगाव आजही आपल्या जागी नांदतो आहे, आणि जनगणनेच्या दप्तरात आपले शहर 'दत्तापूर धामणगाव' असे नोंदलेले आढळते. म्हणजे ही पेठ कोणा राजाच्या सनदेने वसलेली नव्हे. ती स्टेशनाभोवती जमत गेली.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व मागणी आली. पुढे १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग नागपूरपर्यंत पोचला. हा मार्ग सपाटीवरून गेला. यवतमाळचा डोंगराळ, कापूस पिकविणारा मुलूख दक्षिणेस राहिला. त्या मुलखाचा माल मुंबईस जाण्यासाठी यवतमाळ–धामणगाव ही सुमारे २९ मैलांची सडक महत्त्वाची ठरली. धामणगाव हे यवतमाळचे दार झाले.

भरलेल्या बंडीला २९ मैलांचा पल्ला एका दमात सरणारा नव्हे. बैलांना पाणी आणि कडबा हवा, बंडीवानाला भाकरी आणि रात्रीचा निवारा हवा. चाकाची धाव निखळली तर लोहार हवा, आरा मोडला तर सुतार हवा. पेठेचा पाया या गरजांनी घातला.

त्यावर जिन आणि प्रेस उभे राहिले. ते स्टेशनाजवळच का, हे आमच्या मुलांना समजावून सांगण्याजोगे आहे. शंभर किलो कापसातून रुई निघते सुमारे तेहतीस-चौतीस किलो. उरते ती बहुतेक सरकी. सरकी इथेच ठेवून केवळ रुई पाठविली की भाडे वाचते, आणि रुई दाबून गाठी बांधल्या की एका वाघिणीत कितीतरी अधिक माल मावतो. या हिशेबाने भांडवलवाले आले, अडते आले, त्यांच्यामागून मुनीम आले. आणि गाठी पाठीवर वाहणारे हमाल आले, रुईची धूळ छातीत घेणाऱ्या मजूर स्त्रिया आल्या.

बाजार आला की वजनकाट्याचा तंटाही येतो. कापूस-बाजाराला नियम लावण्याचा आरंभ वऱ्हाडातच, कारंजास १८८६ मध्ये झाला आणि १८९७ साली वऱ्हाडच्या बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. शेतकऱ्याला न्याय्य माप मिळावे, ही त्यामागील गरज होती. ज्याच्या कापसावर पेठ उभी राहिली, त्या शेतकऱ्याला आपण 'वसविणारा' म्हणून कधी मोजतो काय?

पुढे मूर्तिजापूर–यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी झाली, मागाहून मोटारी आणि ट्रक आले, आणि धामणगावच्या दारातून जाणारा माल इतर वाटांनीही जाऊ लागला. ती छोटी गाडीही आता बंद पडली आहे. पेठांचे भाग्य असे वाटांबरोबर फिरत असते.

आपल्या हायस्कुलावर सेठ फत्तेलाल लाभचंद यांचे नाव आहे, ते योग्यच आहे. परंतु बंडीवानाचे नाव कोणत्या पाटीवर आहे? हमालाचे कोणत्या भिंतीवर आहे? पाटी नसते त्याची आठवण कागदांत तरी राहते. आणि ते कागद आज रद्दीवाल्याच्या तराजूत जात आहेत.

म्हणून माझी विनंती आहे. आपापल्या घरातील जुन्या वह्या, अडतीच्या पावत्या, खरेदीखते, छायाचित्रे टाकून देऊ नका. कागद मोडीत असतील तर मोडी वाचणारी वृद्ध माणसे हयात आहेत तोवर ते वाचून घ्या. वहीत हमालीचा खर्च टाकला असेल, तर त्या ओळीतील नावेही उतरवून ठेवा. मंडळाने त्यांची एक यादी करावी, आणि त्या यादीला ज्ञातीचे कुंपण नसावे.

पेठ आपण वसविली, हे म्हणणे खोटे नाही. ते अपुरे आहे. 'आपण' या शब्दात सगळे गाव आले म्हणजे ते पुरे होईल.