मतदान केंद्रावरचा कागद



इंडोनेशियात ९ जुलै २०१४ रोजी राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झाले आणि त्याच सायंकाळी जोको विडोडो व प्राबोवो सुबियांतो या दोन्ही उमेदवारांनी आपण जिंकल्याचे जाहीर केले. निरनिराळ्या संस्थांच्या नमुना-मोजणीचे परस्परविरोधी अंदाज दोघांच्याही हाती होते. अधिकृत निकालाला दोन आठवड्यांचा अवकाश होता, आणि मतदान केंद्रावरून निघालेले आकडे एकेक पायरी चढून राजधानीत पोहोचेपर्यंत वाटेत बदलतात, ही तेथील लोकांची भीती जुनीच होती.

या पेचातून वाट काढली ती काही संगणक अभियंत्यांनी. निवडणूक आयोगाने पावणेपाच लाखांच्या आसपास असलेल्या केंद्रांच्या मोजणीपत्रकांच्या छायाप्रती इंटरनेटवर ठेवल्या होत्या. त्यांची बेरीज मात्र दिलेली नव्हती. 'कवाल पेमिलू', म्हणजे निवडणुकीवर पहारा, असे नाव घेतलेल्या या गटाने सुमारे सातशे स्वयंसेवक जमवले, हाताने लिहिलेले आकडे एकेक करून नोंदवून घेतले आणि वाढत जाणारी बेरीज सर्वांसमोर मांडली. २२ जुलैला अधिकृत निकाल लागला. विडोडो यांना ५३.१५ टक्के मते मिळाली होती आणि स्वयंसेवकांची बेरीज त्याच्या अगदी जवळची होती. प्राबोवो घटना न्यायालयात गेले, पण ऑगस्टमध्ये त्यांचा दावा फेटाळला गेला. (पुढे २०२४ साली तेच राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, ही गोष्ट वेगळी.)

या यशाचे श्रेय संगणकाला देण्याची प्रथा पडली आहे. ती अर्धवट आहे. सातशे माणसांनी पावणेपाच लाख पत्रके वाचली खरी. पण ती पत्रके आयोगाने मुळात उघडी केलीच नसती, तर त्यांचे सारे कौशल्य व्यर्थ गेले असते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर इंटरनेटने पडताळणीचा खर्च जवळजवळ शून्यावर आणला, कच्चा माल मात्र राज्यसंस्थेच्याच कोठारात राहिला. त्या कोठाराची किल्ली मिळवणे हा राजकीय प्रश्न आहे. रशियात 'गोलोस' या संघटनेने २०११ पासून नियमभंगाच्या तक्रारींचा नकाशा इंटरनेटवर मांडला. तिच्या सहअध्यक्षाला २०२३ मध्ये अटक झाली, मे २०२५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि दोन महिन्यांत संघटनेला आपले काम बंद करावे लागले.

भारतात स्थिती रशियासारखी नाही, परंतु इंडोनेशियासारखीही नाही. येथे मतदान संपताच केंद्राध्यक्ष 'फॉर्म १७ सी' भरतो. किती मतदारांनी मत दिले, यंत्रात किती मते नोंदली गेली, हे त्यात लिहिलेले असते. १९६१ च्या निवडणूक नियमांनुसार त्या वेळी हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला पोच घेऊन त्याची खरी प्रत द्यावी लागते. मोजणीच्या दिवशी यंत्रावरील एकूण आकडा या प्रतीशी ताडून पाहता येतो. एवढा साधा, एवढा स्वस्त आणि एवढा निर्णायक पुरावा दुसरा नाही. मात्र तो प्रतिनिधीपुरताच. सामान्य मतदाराला त्याची प्रत देण्याची तरतूद या नियमात नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत हे आकडे केंद्रवार प्रसिद्ध करावेत, अशी मागणी 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स'ने सर्वोच्च न्यायालयात केली. प्रतिनिधीखेरीज इतरांना प्रत देण्याचे बंधन कायद्यात नाही आणि प्रसिद्ध केलेल्या प्रतींत फेरफार करून गोंधळ माजवता येईल, असे आयोगाचे म्हणणे होते. २४ मे रोजी न्यायालयाने अंतरिम आदेश नाकारला. दुसऱ्याच दिवशी आयोगाने पाच टप्प्यांचे मतदारसंघवार आकडे आपणहून दिले. केंद्रवार आकडे दिले नाहीत. फेरफाराच्या भीतीबद्दल एवढेच म्हणता येईल की, खोट्या प्रतीवर उपाय म्हणजे खरी प्रत सर्वांना सहज सापडेल अशा जागी ठेवणे. खरी दडवून खोटी थांबत नाही.

मतदार यादीचेही असेच झाले. यादी इंटरनेटवर असते, पण चित्रस्वरूपात. संगणकाला तीत नाव शोधता येत नाही. शोधता येईल अशा स्वरूपात ती द्यावी, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अमान्य केली होती. २०२५ मध्ये बिहारमध्ये विशेष पुनरीक्षण झाले आणि प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली, तेव्हा १४ ऑगस्टच्या आदेशाने त्याच न्यायालयाने ती नावे कारणांसह आणि ओळखपत्र क्रमांकाने शोधता येतील अशा रीतीने प्रसिद्ध करण्यास सांगितले. जे अशक्य म्हणून सांगितले जाते ते थोड्या दिवसांत होऊ शकते, हे यावरून दिसले. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये नियम ९३ बदलून मतदानाच्या चित्रीकरणासारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी जनतेला पाहण्याचा मार्ग मात्र बंद करण्यात आला होता.

अविश्वास अशाच बंद दारापाशी साचतो. माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी डिसेंबर २०२४ मध्ये मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घेण्याचे ठरवले. प्रतिबंधात्मक आदेश लागू झाले आणि पोलिसांनी ते होऊ दिले नाही. ते झाले असते तरी त्याने काही सिद्ध झाले नसते, कारण निकाल कळल्यानंतरचे मत हे निराळे मत असते. परंतु ज्यांना आपल्या गावची मोजणी पटलेली नाही त्यांनी कोणता कागद पाहावा, या प्रश्नाला प्रशासनाकडे जमावबंदीखेरीज उत्तर असायला हवे होते.

कठोर बोल स्वपक्षीयांनाही लावले पाहिजेत. पराभवानंतर भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या चित्रफितींना ना स्थळ असते ना दिनांक. त्या पुढे पाठवणे म्हणजे पहारा नव्हे. त्याच कार्यकर्त्याला आपल्या केंद्राची १७ सी प्रत कोठे आहे असे विचारले, तर पुष्कळदा उत्तर मिळत नाही. कारण प्रतिनिधी मतदान संपण्यापूर्वीच घरी गेलेला असतो आणि नियम मात्र शेवटपर्यंत हजर राहणाऱ्यालाच प्रत देतो. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभेला एक लाखाहून अधिक मतदान केंद्रे होती, म्हणजे मतदारसंघामागे सुमारे साडेतीनशे.

जयप्रकाशांनी १९७४ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे हे सासवडचे. निवडणूक आयुक्तांची निवड पंतप्रधान, विरोधी पक्षनेता आणि सरन्यायाधीश यांनी मिळून सुचवावी, ही त्या समितीची शिफारस. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशीच व्यवस्था सांगितली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात संसदेने सरन्यायाधीशांच्या जागी केंद्रीय मंत्री बसवला. ती लढाई दीर्घ आहे. केंद्रावरच्या कागदासाठी मात्र कायदा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. साडेतीनशे प्रतिनिधी सायंकाळपर्यंत थांबले, प्रत घेतली, तिचे छायाचित्र केंद्र क्रमांकासह त्याच रात्री एका ठिकाणी जमा केले आणि ते मतदारसंघातील कोणालाही पाहू दिले, तर इंडोनेशियात आयोगाने जे केले ते येथे पक्षांना करता येईल. ज्या मतदारसंघात प्रतिस्पर्धी उमेदवारांनीही आपल्या प्रती शेजारी ठेवल्या, तेथे दोन प्रती जुळतात की नाही हे पाहायला संगणक अभियंत्याचीही गरज पडणार नाही.